नीरमाची भिंत

पाहुणेहो, बसा कुठेही, फक्त या भिंतीला टेकू नका. दफनभूमीच्या कडेची ही भिंत जेमतेम कमरेएवढी आहे. दगडाला दगड जुळत नाही. एक काळा, एक जांभा, एक नुसताच गोटा. गवंड्याला दाखवली तर हसेल, पण दर्याला ती अजून हलवता आलेली नाही.

असे सांगतात, की इथला फिरंग्यांचा किल्ला पडला तेव्हा त्यांची जहाजं निघून गेली आणि त्यांच्या शिपायांची अकरा घराणी या टेकडीपाशी मागे राहिली. रोशा, वेगास, मार्तीन अशी त्यांची नावं. ती भाजीपाला पिकवीत आणि सांजेला टेकडीवर दिवा लावीत. त्या दिव्याच्या अंदाजाने आमच्या कोळ्यांच्या होड्या खाडीत शिरत. मग एका वर्षी देवीची साथ आली. कोळीवाड्यातलं कोणी तिकडे फिरकलं नाही. खोटं कशाला सांगू, माणसं घाबरली होती. साथ सरली तेव्हा अकरा घरांत मिळून एकटी लुईझा पेना उरली. नवरा आणि दोन मुली तिने आपल्या हातांनी वाळूत पुरल्या होत्या.

वर्ष उलटलं आणि दर्या किनारा खाऊ लागला. फाल्गुनी पुनवेचं उधाण आलं की सगळी थडगी वाहून जाणार होती. हाती उरले होते चार दिवस. टेकडीचा कातळ फोडायला तेवढे पुरेनात, आणि किनाऱ्यावर तर सगळी वाळू नि चिखल. दगड होते ते फक्त होड्यांच्या पोटात. होडी उलटू नये म्हणून तळाशी दगड भरतात, त्यांना नीरम म्हणतात. लुईझा म्हणे दारोदार फिरून तो नीरम मागू लागली.

नाखव्यांचा म्होरक्या धाकू मनाने चांगला, पण तोही बिथरला. "बाय, दगड काढले तं होडी उलटंल. आमची पोरं जातात तिच्यान."

"मना फुकट नको, नाखवा," लुईझा म्हणाली. "एका होडीच्या दगडांच्या बदल्यात एका घराण्याचं नाव देईन. ते होडीला लाव. तवरंच हाय माझ्याकरं."

साथीच्या दिवसांत आपण टेकडीकडे पाठ फिरवली, हे धाकूला आतून खात होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. तो उठला, आपल्या होडीत उतरला आणि पहिला दगड खांद्यावर घेऊन आला. नाव मागितलं ते तिच्याच घराचं, पेना. मग बाकीचेही हलले. होड्याही तेव्हा नेमक्या अकराच होत्या म्हणे. मोजायला आपण नव्हतो. पुनवेच्या आदल्या दिवशी भिंत उभी राहिली, आणि उधाण तिच्यावर आपटून मागे फिरलं.

पण घरात चूल पेटायला हवी. दुसऱ्या सकाळी होड्या रिकाम्या पोटी दर्यात गेल्या आणि दुपारी वारा उठला. बायका किनाऱ्यावर रडू लागल्या. आपल्या मेलेल्यांसाठी आपण जिवंत माणसं बुडवली, असंच लुईझाला वाटलं. तरी ती टेकडी चढली आणि जिवाच्या आकांताने एकेका होडीला नव्या नावाने हाका मारू लागली. रोशा. वेगास. मार्तीन. सांज व्हायच्या आत अकराही होड्या खाडीत शिरल्या. धाकू नंतर सांगायचा, तळाशी कोणीतरी बसून असल्यासारखी होडी जड चालत होती.

त्या हाकांतली शेवटची हाक तिने पेना अशी मारली. त्या नावाला वर्षभरात कोणी उत्तर दिलं नव्हतं. पाण्यावरून धाकूने मोठ्याने ओ दिली, आणि लुईझा तिथेच मटकन बसून रडली.

आजही आमच्या कोळीवाड्यात नवी होडी आधी या भिंतीला दगड देते, अकरातलं एक नाव घेते आणि मगच पाण्यात उतरते. आता होड्यांना इंजिन आहे, खिशात फोन आहे. तरी सांजेला बायका टेकडीवर जाऊन रोशाला, वेगासला, पेनाला घरी बोलावतात, आणि ओ दिल्याशिवाय कोणी होडी किनाऱ्याला लावत नाही.