देशमुखीणबाईंचा हात

खैरवाडीच्या देशमुखीणबाईंनी हळदीकुंकवाला सगळ्यांदेखत जाहीर केलं, "गोजरा कासारणीच्या बांगड्या कच्च्या काचेच्या. दोन दिवसांत पिचतात!" झालं! गावातली एकही बाई गोजरापुढे हात करीना.

घरात कुढत बसणारी गोजरा नव्हती. काय तो सोक्षमोक्ष समोरासमोर लावू म्हणून ती पेटारा घेऊन थेट देशमुखांच्या ओसरीवर गेली. शेजारणी बसल्याच होत्या. तिनं देशमुखीणबाईंच्या आणि त्यांच्या मोलकरणीच्या, तानूच्या, हातांत एकाच दोरातल्या बारा-बारा बांगड्या भरल्या आणि म्हणाली, "आठ दिवसांनी येते."

आठ दिवस तानूनं भांडी घासली, जातं ओढलं, गोवऱ्या थापल्या. नवव्या दिवशी गोजरा पुन्हा ओसरीवर आली, शेजारणीही जमल्या. तानूच्या बारा बांगड्या जशाच्या तशा! देशमुखीणबाईंच्या हातांत उरल्या होत्या फक्त दोन.

"बघा, कच्ची काच!" म्हणत त्यांनी रागानं पाटावर हात आपटला. त्या दोनही गेल्या.

गोजरा शांतपणे म्हणाली, "काच तीच आहे, बाईसाहेब. तानूचा हात दिवसभर भांड्यांवर पडतो, तुमचा तानूच्या पाठीवर."

शेजारणींनी पदर तोंडात कोंबले.

सवाष्णीला मोकळ्या हातांनी उठता येईना. देशमुखीणबाईंनी मुकाट्यानं हात पुढे केले. बांगड्या भरून झाल्यावर कासारणीला नमस्कार करायची रीत. तीही त्यांना मोडवेना. त्या वाकल्या.

गोजरानं तोंडभरून आशीर्वाद दिला, "चुडा टिको, बाईसाहेब. आणि तानूची पाठही."