काचेच्या पेटीतला चिखल

जंगलाच्या अगदी कडेला, जिथे पाऊलवाट संपते आणि पायाखाली पचपच सुरू होते, तिथल्या एका चिखलाच्या तळ्यात एक म्हातारे कासव राहत असे. तळे दिसायला काही देखणे नव्हते. पाणी कमी आणि गाळ जास्त. वर डासांची गुणगुण, आणि ऊन चढले की कुजक्या अंड्यासारखा वास. पण कासवाने सगळे आयुष्य त्या गाळात पोट घासत काढले होते, त्यामुळे त्याला गाळातली एक गोष्ट ठाऊक होती. बाकी कुणी ती कधी वाकून पाहिलीच नव्हती.

एके दिवशी दरबारात कोल्ह्याने सिंहापुढे विषय काढला. "महाराज, ते तळं म्हणजे नुसती घाण आहे. बुजवून टाकलं तर दरबाराला केवढं तरी अंगण मिळेल." सिंहाला अंगण हवेच होते. हत्तींना माती आणायचा हुकूम सुटणार, इतक्यात मागच्या रांगेतून कासव पुढे आले. म्हणजे येऊ लागले. ते पोहोचेपर्यंत अर्धा दरबार जांभया देत होता.

"महाराज, तो गाळ जिवंत आहे," कासव म्हणाले. "त्यात रंग राहतात. मला हिवाळा संपेपर्यंत सवड द्या, मी तुम्हाला ते डोळ्यांनी दाखवतो."

सगळे पोट धरून हसले. सिंहही हसला, पण गंमत म्हणून त्याने सवड दिली. "रंग दिसले तर तळं तुझं. नाही दिसले तर अंगण माझं."

कासवाची एक मैत्रीण होती. तळ्याकाठच्या झाडावर राहणारी खार. मायेची, हौशी आणि स्वच्छतेच्या बाबतीत कमालीची काटेकोर. जंगलापलीकडच्या बंगल्यातल्या माणसांनी काचेची एक मोठी पेटी टाकून दिली होती. कधीकाळी तिच्यात शोभेचे मासे असत. खारीने वानरांच्या हातापाया पडून ती उचलून आणवली आणि शेपटीने पुसून लख्ख केली. कासवाने मग तिच्यात काय भरले? तळ्याच्या तळाचा काळाकुट्ट गाळ, कुजका पाला, घरट्यातून पडून फुटलेले एक अंडे, आणि वर तळ्याचेच गढूळ पाणी.

"अहो दादा, आत्ताच पुसली होती ना मी!" खार कळवळून म्हणाली.

"आता हिला उन्हात ठेवायचं आणि अजिबात हलवायचं नाही," कासव म्हणाले. "वारा लागला तर खालचे मरतील."

"कोण मरतील?"

"डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक जीव. रंग त्यांचेच असतात. कुणाला वर ऊन लागतं, कुणाला खाली अंधार आणि कुजका वास लागतो. ज्याचा त्याचा मजला ठरलेला असतो."

खारीने मान डोलावली. मान डोलावणे सोपे असते.

कितीतरी दिवस पेटीत काळ्याशिवाय काही दिसेना. येणारेजाणारे नाक दाबून जात आणि खारीला मेल्याहून मेल्यासारखे होई. पण एका सकाळी काचेला वरच्या बाजूने हिरवी रेघ उमटली. पुढे तिच्याखाली शेंदरी पट्टा आला, त्याच्याखाली पिकल्या जांभळाचा रंग, आणि अगदी तळाशी पोपटी ठिपके. खार आनंदाने झाडभर धावली. "दादा, काचेवर कुणी लुगडं वाळत घातल्यासारखं दिसतंय हो!" कासव काचेला नाक लावून बसून राहिले आणि त्याचे डोळे भरून आले. आपले तळे आता वाचणार, असे त्याला पहिल्यांदाच वाटले.

हिवाळा सरला. ज्याचे गाऱ्हाणे, त्यानेच महाराजांना आणायला जायचे, असा त्या दरबाराचा रिवाज होता. कासवाची चाल ती केवढी, म्हणून ते आदल्या दिवशीच निघाले. "खारूताई, पेटीकडे लक्ष दे," एवढेच ते म्हणाले.

"हे काय सांगायला हवं?" खार म्हणाली.

आणि मुलांनो, तिने लक्ष दिले, हेच तर झाले. लक्ष ठेवायला सांगितले की नुसते बसवत नाही. काहीतरी करावेसे वाटते. खार पेटीभोवती फिरली. महाराज येणार, सगळा दरबार येणार, आणि आपल्या दादाच्या दारात हा वास? तिला लाज वाटली. मग तिच्या मनात एक विचार आला आणि तो तिला फार आवडला. असल्या घाणीत जर रंग इतके खुलले, तर स्वच्छ पाण्यात किती खुलतील!

तिने वानरांना बोलावले. त्यांनी पेटी उलटी करून सगळा गाळ ओतून दिला. खारीने काचेवरचे रंग हलक्या हाताने खरवडून पानावर जपून ठेवले, पेटी घासली, झऱ्याचे नितळ पाणी भरले आणि रंग त्यात अलगद सोडले. थोडा वेळ ते तरंगले. मग करडे पडले आणि तळाशी बसले.

"खुलतील," खार स्वतःशीच म्हणाली आणि काच आणखी एकदा पुसली.

सिंह आला, कोल्हा आला, मागे सगळा दरबार आला. सर्वांच्या मागून कासव आले. पेटीत नितळ पाणी होते आणि पाण्यातून पलीकडचे तळे स्पष्ट दिसत होते.

"रंग कुठे आहेत?" सिंहाने विचारले.

"खुलतील, महाराज, थोडं थांबा," खार रडवेली होऊन म्हणाली. "मी सगळं स्वच्छ केलंय."

कोल्ह्याने काचेत आपली मिशी न्याहाळली. "चिखल धुतला की काय उरतं, ते दिसलंच म्हणायचं, महाराज."

कासवाने मैत्रिणीकडे पाहिले. तिला काय सांगायचे होते ते सगळे सांगून झाले होते, हिवाळ्याच्या सुरुवातीलाच. "महाराज, आणखी एक हिवाळा," ते म्हणाले. पण सिंह वळला होता. पाठोपाठ हत्तींनी माती आणायला सुरुवात केली.

आता तिथे अंगण आहे, चांगले सपाट. कासवाने कुठे राहायचे, हा प्रश्न दरबाराने मोठ्या मनाने सोडवला: ती काचेची पेटी त्यालाच दिली. पेटी अंगणाच्या मधोमध ठेवली आहे. खार रोज झऱ्याचे पाणी बदलते आणि शेपटीने काच पुसते. येणारे थांबतात, म्हणतात, "किती छान दिसतंय कासव! आधी कसं चिखलानं माखलेलं असायचं." खारीला ते ऐकून बरे वाटते.

कासवाच्या एका नखात तळ्याचा थोडासा गाळ राहिला होता. काही काळाने पेटीच्या कोपऱ्यात एक जांभळा ठिपका उमटला. कासव त्यावर पोट टेकून बसू लागले, खाणे-पिणे सोडून तिथेच.

"दादा, जरा सरका बरं," एका सकाळी खार मायेने म्हणाली. "तिथे डाग पडलाय."

कासव सरकले.

तात्पर्य : जो आपल्याला जीव लावतो पण आपल्या चिखलाची लाज बाळगतो, त्याच्या भरवशावर आपले रंग सोडून जाऊ नये; शत्रूला जे जमत नाही, ते तो प्रेमाने करून ठेवतो.