कुंभारखोलला फटफटी कोणी आणली?

करंजगडच्या महाराजांनी आपली फटफटी देऊन टाकली आणि दिली त्याच क्षणी त्यांना पश्चात्ताप झाला.

झालं असं, की राणीसाहेबांना कळा सुरू झाल्या, मूल आडवं आलं आणि राजवैद्यांनी हात टेकले. तेव्हा डोंगरापलीकडच्या कुंभारखोलहून हौसा सुइणीला बोलावणं गेलं. ती घाट उतरून पायी आली आणि तिनं बाई आणि बाळ दोघांनाही वाचवलं. आनंदाच्या भरात महाराज म्हणाले, "हौसा, हवं ते माग."

हौसानं हात पुसले आणि फटफटी मागितली.

तिच्या गावाभोवती डोंगरात वाड्या विखुरलेल्या होत्या. ती पायी पोचेपर्यंत कधी बाळ हातचं जाई, कधी बाळंतीण. मागच्या पावसाळ्यात दोन्ही गेली होती. हे सांगताना हौसाचा आवाज चढला नाही, पण राणीसाहेबांनी पलंगावरून मान वळवून महाराजांकडे पाहिलं. महाराज "दिली" म्हणून मोकळे झाले.

ही फटफटी विलायतेहून आली होती. महाराज तिच्यावर एकदाच बसले होते आणि सरळ हौदात गेले होते. तेव्हापासून ती दिवाणखान्यात गालिच्यावर उभी असे आणि पाहुणे तिच्याभोवती फिरून मान डोलावत. ती जाणार म्हटल्यावर महाराजांना जेवण गोड लागेना. शब्द तर मोडता येत नव्हता. मग त्यांनी कारभाऱ्यांना बोलावलं. कारभारी अटी घालण्यात पटाईत होते.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. फटफटी हौसाचीच, पण ती कुंभारखोलला नेताना वाटेत तिचं चाक जमिनीला टेकता कामा नये. कुठल्याही गाडीच्या आत ती ठेवायची नाही, गाडीच्या वरही ठेवायची नाही. आणि महाराजांच्या रयतेपैकी कुणी, मग ते माणूस असो की जनावर, ती वाहून न्यायची नाही. युवराजांना देवीच्या पायांवर घालण्याच्या दिवसापर्यंत ती गावात पोचली नाही, तर कायमची दिवाणखान्यात.

हौसानं हुकूम पुन्हा एकदा वाचून घेतला आणि विचारलं, "आणखी काही अट?"

"एवढ्या पुरे आहेत," कारभारी म्हणाले.

हौसा बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला राजवाड्यातच राहिली होती. बाळाला तेल लावताना तिच्या डोक्यात फटफटीच फिरत असे. गाढव चालणार नाही, बैलगाडी चालणार नाही, चार माणसांचे खांदे चालणार नाहीत. बारसं झालं, देवीला जायचा दिवस जवळ आला, तरी काही सुचेना. तिनं मनातल्या मनात फटफटीवर पाणी सोडलं.

मग एका सकाळी बाबालाल अंगणात महाराजांची मोटार धूत होता. बाबालाल राजवाड्याचा ड्रायव्हर, पण महाराज मोटार स्वतःच चालवत, त्यामुळे त्याच्या वाट्याला फक्त धुणं येई. मोटारीच्या मागे खाली एक जाड लोखंडी आकडा होता. तो कशाला, असं हौसानं विचारलं. शिकारीचं सामान भरलेला गाडा ओढायला, बाबालाल म्हणाला.

हौसा त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग लोहाराकडे गेली.

निघायच्या आदल्या दिवशी ती महाराजांपुढे उभी राहिली. देवीचं देऊळ कुंभारखोललाच होतं आणि बाळाला सांभाळायला ती बरोबर जाणार होतीच. तिनं विचारलं, "महाराज, माझं थोडं सामान मोटारीच्या मागे अडकवू का?"

सुइणीचं सामान ते किती असणार! "अडकव," महाराज म्हणाले.

सकाळी महाराज येऊन बसले आणि भोंगा वाजवून निघाले. मागे बघायची त्यांना सवय नव्हती. राणीसाहेब येताना मागच्या बाजूनं आल्या होत्या. गोधड्यांत गुंडाळलेलं ते सामान पाहून त्या गालात हसल्या आणि आत बसल्या.

घाटात मोटार कण्हू लागली. महाराज कुरकुरले, आज ही जड का झाली? कारभारी म्हणाले, चढ आहे. राणीसाहेब म्हणाल्या, युवराजांनी बाळसं धरलंय. हौसा बाळाला थोपटत राहिली.

कुंभारखोलला सगळा गाव देवळापुढे जमला होता. महाराज उतरले, आरती झाली, युवराजांना देवीच्या पायांवर घातलं. मग हौसा मोटारीमागे गेली आणि तिनं गोधड्या सोडल्या. आकड्याला लोखंडी चौकट बसवली होती, चौकटीवर आडवी पन्हळ होती आणि पन्हळीत दोन्ही चाकं ठेवून, दोरखंडानं आवळून फटफटी उभी होती.

कारभाऱ्यांनी हुकुमाचा कागद बाहेर काढला. "ही मोटारीच्या वर होती."

"वर तुमच्या पेट्या होत्या," हौसा म्हणाली.

"मग आत."

"आत आपण सगळे होतो. ही मागे होती. हुकुमात मागे कुठं आहे ते दाखवा."

कारभारी वाकून चाकं बघू लागले. चाकांना माती नव्हती; दिवाणखान्यापासून आकड्यापर्यंत ती रात्रीतून गालिच्यासकट ओढत आणली होती. महाराजांचा चेहरा लाल झाला होता.

"आणि रयतेनं वाहून न्यायची नाही, ती अट?" त्यांनी विचारलं. "खरं सांग, ही इथवर कोणी आणली?"

हौसानं पदर सावरला. "आपण आणलीत, महाराज. आणि आपण काही रयत नाही."

महाराजांनी मोटारीकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, राणीसाहेबांकडे पाहिलं. राणीसाहेब देवळाच्या कळसाकडे बघत होत्या. मग महाराजांचं पोट हललं आणि ते पायरीवर बसून हसू लागले. हसता हसताच त्यांनी सांगितलं, की फटफटी हौसाची, तिचं पेट्रोल दरबारचं, आणि हौसाला ती चालवता येईपर्यंत बाबालालचा मुक्काम इथं.

कारभाऱ्यांनी पडलेल्या आवाजात विचारलं, चौकट काढून घ्यायची ना?

"राहू द्या," हौसा म्हणाली. "उद्या फटफटी बंद पडली तर न्यायला महाराजांनाच यावं लागेल. रयतेला मनाई आहे."

महाराज इतके हसले की युवराज जागे झाले. ती अट त्यांनी तिथंच रद्द केली. चौकट मात्र काढू दिली नाही.