मुखवट्याची साक्ष

फार फार पूर्वीची गोष्ट. नाटक नावाची चीज जगात यायची होती, तेव्हाची. ग्रीकांच्या देशात समुद्रकाठच्या डोंगरउतारावर एक गाव होतं. गावात द्राक्षमळे भरपूर आणि गाणारे त्याहून भरपूर.

द्राक्षांचा हंगाम संपला की गावकरी द्राक्षदेवाच्या वेदीभोवती फेर धरत आणि एका सुरात एक जुनं गीत गात. एका राजाने रागाच्या भरात पोटच्या पोराला वल्ह्यांविना होडीत बसवून समुद्रात सोडायला लावलं, असं ते गीत. उतारावर बसलेले लोक माना डोलावत, काही जण डुलक्याही घेत. शेवटी गावचा म्हातारा प्रमुख ‘छान झालं’ म्हणे आणि गाणाऱ्यांना एक बोकड बक्षीस देई.

या प्रमुखाचा मुलगा समोरच्या बेटावर मासेमारी करून राहत असे. मळा सोडून समुद्राच्या नादी लागला म्हणून बापाने त्याला घराबाहेर काढलं होतं. बापलेकांत विस्तव जात नव्हता, पण प्रमुखापुढे तो विषय काढायची कोणाची छाती नव्हती.

रसासाठी द्राक्षं तुडवणारा एक गडी या फेरात गात असे. त्याला ना बायको ना पोर. गाणं हेच त्याचं गणगोत. त्याला एकच प्रश्न छळायचा. राजाने काय केलं ते गीतात आहे, पण राजाला काय वाटलं, ते कुठे आहे?

एका वर्षी त्याने जाड कापडाचा मुखवटा शिवला आणि द्राक्षांच्या चोथ्याने रंगवला. गीत रंगात आलं तेव्हा तो फेरातून बाहेर पडला, मुखवटा चढवून वेदीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, “तो राजा मी. पोराला मी घालवलं.”

गाणं थांबलं. डुलक्या घेणारे जागे झाले.

पुजारी खवळला. त्या गावी वेदीपुढे ‘मी’ म्हणून उच्चारलेला शब्द ही शपथ मानत, आणि खोटी शपथ घेणाऱ्याला पुन्हा कधी फेरात उभं करत नसत. “तू कसला रे राजा?” पुजारी म्हणाला. “काल तर माझ्या कुंडात द्राक्षं तुडवत होतास.”

गड्याच्या मनात आलं, गाणं सुटलं तर आपल्यापाशी उरतंय काय? मुखवटा काढून पाय धरले असते तर तो सुटलाही असता. पण राजाला अर्ध्यावर टाकून जाणं त्याच्याने होईना.

निवाडा प्रमुखाने करायचा होता. तो काठी टेकत खाली आला. आता गड्याची धडगत नाही, असं सगळे धरून चालले. प्रमुखाने मुखवट्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “पोरगा निघाला, तेव्हा किनाऱ्यापर्यंत गेला होतास?”

“नाही,” मुखवट्याआडून उत्तर आलं. “दार लावून आत बसलो. गेलो असतो, तर थांब म्हणालो असतो.”

प्रमुख काठी टेकत वेदीकडे वळला. मग तो पुजाऱ्याला म्हणाला, “शपथ खोटी नाही. फक्त ती घ्यायची पाळी माझी होती.”

दुसऱ्या सकाळी बेटाकडे एक होडी निघाली. तिच्यात प्रमुख स्वतः होता. मुलगा काही मळ्यात परतला नाही, पण पुढच्या हंगामाला तो उतारावर बापाच्या शेजारी बसला होता.

गड्याचं गाणं टिकलं. त्या वर्षापासून फेरातला एक जण मुखवटा घालून पुढे येऊ लागला. पुढे त्याला उत्तर द्यायला दुसराही आला, आणि लोक या खेळाला नाटक म्हणू लागले. पुजारी मात्र अखेरपर्यंत म्हणत राहिला, “सगळं खोटं आहे.” असं म्हणे खरा, पण जागा धरायला सर्वांच्या आधी येई.

तात्पर्य: लांबून ऐकलेली चूक परक्याची वाटते, पण कोणी ‘ती मी केली’ म्हणून समोर उभं राहिलं, की आपली चूक आपल्याला ओळखू येते.