सुनेच्या वाट्याचे लाडू

फार फार जुनी गोष्ट. डोंगरापलीकडे एक राज्य होतं. तिथली राणी मोठी दयाळू. अशक्तपणाने एकही बाळंतीण दगावू नये, म्हणून ती दर पंधरवड्याला प्रत्येक गरोदर बाईच्या घरी डिंकाच्या लाडवांची दुरडी पाठवी. दुरड्या पोचवायचं काम एका म्हाताऱ्या सुइणीकडे होतं.

सुईण कामात चोख होती. पण तिथली रीत अशी, की बाहेरून आलेली वस्तू घरातल्या थोरल्या बाईच्याच हाती द्यायची. सुनेच्या हाती दिली तर घराचा अपमान! आणि सून जेवायची सगळ्यांच्या शेवटी. सुईण उंबऱ्याबाहेरूनच दुरडी देई आणि पुढच्या घराकडे वळे.

वेशीजवळच्या एका घरातली सून सातव्या महिन्यात होती. एकदा ती सुइणीला दारात दिसली. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरेफटक.

"पोरी, लाडू खातेस ना गं?"

सून बोलायच्या आतच सासू म्हणाली, "खाते की! आमच्या घरी काय कमी आहे?"

सून खाली बघत राहिली. सुईण समजायचं ते समजली. पण दुसऱ्याच्या घरात आपण कशाला तोंड घालायचं, असं म्हणून ती निघाली. खरं सांगायचं तर ती वाईटपणा घ्यायला भ्याली.

बाळंतपणात मूल वाचलं, आई वाचली नाही. सुइणीच्या हातांतच तिने प्राण सोडला.

सासू ऊर बडवून रडली. ते रडणं खोटं नव्हतं. "मी काय तिची वैरीण होते? पोरं लाडू मागायची, ह्यांनाही आवडायचे. सगळ्यांचं झाल्यावर उरतील ते तिचेच होते की!"

"उरायचे का?" सुइणीने विचारलं.



राणीने सुइणीला बोलावून घेतलं. "दुरड्या पोचल्या नव्हत्या का?"

"सगळ्या पोचल्या, राणीसाहेब. तिच्या तोंडात घास पोचला नाही. मला दिसत होतं, अन् मी गप्प बसले."

राणीने तिला शिक्षा केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं सुइणीला वाटलं.

त्यानंतर ती उंबरा ओलांडून आत जाऊन बसू लागली. सुनेने समोर लाडू खाल्ला, की मगच उठे. सासवा बोटं मोडत, आगाऊ म्हातारी म्हणत. ती ऐकून घेई. वेशीजवळच्या घरातून मात्र बिनआईच्या लेकराचं रडणं ऐकू येई, आणि तिथे खाऊ घालायला आता कुणी सून नव्हती.

तात्पर्य : ज्याच्यासाठी दिलं त्याच्या मुखी पडेपर्यंत दान पुरं होत नाही.