बांधावरची हाक

फार पूर्वी शृंगपूर नगरीत उग्रबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व सीमेपलीकडच्या तळवस्तीत पिंगल नावाचा शेतकरी होऊन राहत होता.

तळवस्तीला राजा नव्हता. कोतवालही नव्हता. उंचावर मोठं तळं, त्याला मातीचा बांध आणि बांधाखाली घरं. तिथली रीत एवढीच, की बांधाला गळती लागलेली ज्याला पहिल्यांदा दिसेल, त्यानं जागचं हलायचं नाही. भगदाडाला पाठ लावून तिथंच बसायचं आणि हाक मारायची. ज्याच्या कानी हाक पडेल त्यानं हातातलं काम टाकून धावायचं. कुणी कुणाला हुकूम करीत नसे, आणि बांध पिढ्यान्‌पिढ्या उभा होता.

व्यापारी या वस्तीचं तोंडभरून कौतुक करीत, आणि ते ऐकून उग्रबाहूच्या अंगाचा तिळपापड होई. जेवताना घास कडू लागे.

राणी म्हणाली, "त्यांचं बरं चाललंय. त्यात आपलं काय बिघडलं?"

"बिघडलं म्हणजे!" राजा उसळला. "इथं पावलोपावली शिपाई, तरी रोज मारामाऱ्या. तिथं कुणी नाही, तरी सगळं सुरळीत. उद्या माझी प्रजा विचारेल, मग राजा हवाच कशाला?"

काय सांगावं, मत्सर माणसाला मोठा प्रेमळ करून सोडतो! राजा स्वतः भेटवस्तू घेऊन तळवस्तीत गेला आणि म्हणाला, "किती दमता रे तुम्ही! हा माझा बांधाधिकारी. यापुढं बांधाची काळजी त्याची. तुम्ही निवांत राहा."

लोक हरखले. पिंगल मात्र हात जोडून म्हणाला, "महाराज, अधिकारी खुशाल राहू दे, पण आमची हाकेची रीत मोडू नका." राजा नुसता हसला.

रीत कुणी मोडली नाही, ती आपोआप सुटली. बांधावर ओल दिसली तरी माणूस मनात म्हणे, अधिकारी बघेल की! आणि पुढं जाई.

पावसाळा सरता सरता तळं काठोकाठ भरलं. राजानं मुद्दाम जवळच्या टेकडीवर तंबू ठोकला होता. एके दुपारी बांध फुटू लागला. अधिकारी धावत तंबूत आला. "महाराज, माणसं कुठली लावू? आज्ञा व्हावी."

"थांब जरा," राजा म्हणाला. "आधी त्यांना माझ्या पाया पडायला येऊ दे."

खाली पिंगल भगदाडाला पाठ लावून बसला होता आणि ओरडत होता. लोक दारात आले, एकमेकांकडे बघत राहिले. "अधिकारी आहे ना?" म्हणाले. पाणी पिंगलच्या छातीशी आलं.

ही फजिती जवळून बघावी म्हणून राजा एकटाच बांधावर उतरला. "आता तरी म्हण, राजा हवा!"

"ते मागाहून बोलू, महाराज," पिंगल धापा टाकत म्हणाला. "आत्ता पाठ हवी. माझी एकट्याची पुरत नाही. बसा इथं."

राजा थबकला. या लोकांना आपली गरज नाही, याच एका गोष्टीनं तो इतके दिवस जळत होता. आणि आज त्यांच्यातला एक जण त्याला शेजारी जागा करून देत होता. तो भरजरी वस्त्रांसकट चिखलात बसला, आणि क्षणात असा माखला की ओळखू येईना.

रेवती नावाच्या म्हातारीनं ते दारातून पाहिलं. "अगं बाई! परका माणूस पाण्यात बसलाय आणि आपण काय बघत उभे?" ती पदर खोचून धावली, आणि मग सगळी वस्ती धावली. कुणी पाठ लावली, कुणी माती ओतली. राजाला कुडकुडताना पाहून रेवती खेकसली, "ए बाबा, अंग चोरू नकोस! नीट टेक!"

"टेकतो, आई," राजा म्हणाला.

बांध राहिला. माणसं भाकरी खायला बसली, तेव्हा राजाच्याही हातावर एक ठेवली गेली. त्यानं पिंगलला हळूच विचारलं, "मी कोण ते यांना सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलं नाही, महाराज."

ते राजाला जरा लागलंच. मत्सर काही एका दिवसात जात नाही. पण भाकरी त्यानं शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि अधिकाऱ्याला सोबत घेऊन परतला. नगरात पोचताच त्यानं दवंडी पिटवली : हाक ऐकणाऱ्यानं राजाज्ञेची वाट पाहू नये. "नका पाहू, अशी आज्ञाच ना?" म्हणून राणी खूप हसली. राजाही हसला.

एवढं सांगून शास्त्यानं, भिक्षूंच्या गुरूनं, समोर बसलेल्या ज्येष्ठ भिक्षूकडे, स्थविर सुदंताकडे पाहिलं. शेजारचा विहार आपल्यावाचून नीट चालतो, म्हणून सुदंत अलीकडे झुरत होता. "सुदंता, तो राजा तू होतास. तुझ्यावर खेकसणारी म्हातारी म्हणजे दाराशी बसलेली ही उपासिका भद्रिका. आणि पिंगल मी होतो. आपल्यावर जळणाऱ्यालाही शेजारी जागा करून देणं, ही मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."

सुदंत थोडा सरकला आणि उशिरा आलेल्या शेजारच्या विहारातल्या भिक्षूला त्यानं आपल्या आसनावर बसवून घेतलं.