‘हूं’ म्हणणारा माणूस

“पण बुवा, दहा हजार माणसं गोळा करायची कशी?”

शर्वरी हे तिसऱ्यांदा विचारत होती. सुभानबुवांनी तुणतुण्याच्या खुंटीवरची नजर काढली नाही.

“येवढी मानसं कशाला?” ते म्हणाले. “लगीन हाय का कुनाचं?”

मी हसलो. शर्वरीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं.

शर्वरी माझी भाची. पुण्यात असते, नोकरी करते आणि उरलेल्या वेळात गोष्टी लिहिते. इंटरनेटवर एक जागा आहे म्हणे, तिथे ज्याचा त्याचा ब्लॉग असतो आणि एकेका मालिकेचे, एकेका पुस्तकाचे वेडे तिथे जमतात. ही ‘सातवा दीपस्तंभ’ नावाच्या मालिकेची वेडी. मालिका दोन वर्षांपूर्वी संपली, हिच्यापुरती नाही संपली. दीपस्तंभाच्या रखवालदाराची मुलगी मैना शेवटी होडीत बसून निघून जाते. ती कुठे गेली, ते मालिकेत दाखवलंच नाही. मग ते ही लिहायला लागली, प्रकरणाप्रकरणाने. तेरा झाली. चौदावं चार महिने अडून बसलं होतं.

वाचणारे कमी, म्हणून अडलं. हे तिचं निदान. अठराशे फॉलोअर होते. महिनाअखेर ते दहा हजार झाले नाहीत तर ब्लॉग कायमचा पुसून टाकीन, असं तिने त्या अठराशे जणांसमोर जाहीर करून टाकलं होतं. आज सत्तावीस तारीख. बोललं की करून मोकळं व्हायचं, हा आमच्या घराण्याचा जुना आजार. तेराही प्रकरणं मी वाचली होती आणि त्या मैनेत माझा जीव गुंतला होता. म्हणून मला खरंच काळजी वाटत होती.

“मामा, तुमच्या भागात कुणाच्या मागे खरोखर माणसं धावली?” तिने काल विचारलं, तेव्हा मी सुभानबुवांचं नाव घेतलं. ते गोंधळी. त्यांच्या गोंधळाला पंचक्रोशी लोटायची. आता ऐंशीच्या पुढे गेलेत. यमाईच्या देवळाच्या ओसरीवर बसून असतात, मांडीवर तुणतुणं, आणि कुणी काही बोललेलं नसताना मधूनच “हूं” म्हणतात. गाव म्हणतं, वय झालं. मीही तेच म्हणायचो.

आम्ही आलो तेव्हा शर्वरी त्यांच्या उजव्या बाजूला टेकायला गेली, तर बुवांनी हात आडवा केला होता.

“तिथं नगं. हिकडं बस.”

मुंग्या असतील, असं समजून ती डावीकडे बसली.

“माणसं म्हणजे वाचणारी, बुवा,” ती आता समजावून सांगत होती. “ऐकणारी म्हणा. तुमच्या गोंधळाला चार-चार हजार यायची ना?”

“यायची.”

“त्यासाठी तुम्ही काय करत होता?”

“काय बी न्हाई.”

“असं कसं?”

बुवांनी खुंटी पिळली. तार छेडली. कान लावून ऐकलं. तार उतरलेली होती.

“कथा कोंडिबा सांगायचा. मानसं कोंडिबाची.”

शर्वरी माझ्याकडे वळली. आता माझी पंचाईत. लहानपणी आम्ही पोरं पार मागे बसायचो, पुढे कोण बोलतंय ते दिसायचं नाही. पण गोंधळ आहे कळलं की घरातल्या बायका आधी विचारायच्या, “सुभान आलाय का?” आलाय म्हटलं की पदर खोचून निघायच्या. आता यावरून मी काय समजायचं?

“मग तुम्ही?” शर्वरीने विचारलं.

“त्येच्या डाव्या हाताला बसायचो. हूं म्हनायचो.”

“नुसतं हूं?”

“तुनतुनं बी वाजवायचो की,” बुवा जरा दुखावून म्हणाले.

एवढ्या उन्हात मामाने आपल्याला चुकीच्या माणसाकडे आणलं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ती उठायच्या बेतात होती.

“तू काय काय केलंस?” बुवांनी विचारलं.

एवढं विचारल्यावर ती कशाला उठते! तिने बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. रोज तीन वेळा काहीतरी टाकते, वेळा ठरलेल्या. शोधणाऱ्याला सापडावं म्हणून दरेक पोस्टखाली तीस-तीस टॅग लावते. मोठ्या ब्लॉगवाल्यांना त्यांच्या आवडत्या पात्रांची चित्रं काढून पाठवते, म्हणजे ते हिचं लिखाण त्यांच्या वाचकांपुढे ठेवतील.

“ठिवत्यात?”

“एकदा ठेवलं.”

“आनि?”

“आणि साफसफाई केली.”

बुवांनी पहिल्यांदाच मान वर केली. “ती कसली?”

“रिकामी खाती काढून टाकली. फोटो नाही, स्वतःचं लिखाण नाही, आपलं आवडलेलं कधी पुढे पाठवत नाहीत. अशी खाती बहुतेक खोटी असतात, मशीनने चालवलेली. यादी नीटस दिसत नाही त्यांच्यामुळे. एका रविवारी बसले आणि दोनशे जणांना ब्लॉक केलं.”

“ब्लॉक म्हंजी?”

“माझ्या ब्लॉगवर त्यांना यायची बंदी.”

“दोनशे. समदी खोटी व्हती?”

“जवळजवळ.”

“हूं,” बुवा म्हणाले.

त्यांनी तुणतुणं खाली ठेवलं. “तुजी कथा सांग.”

“आत्ता?”

“जिथं आडलीय, तिथवर.”

शर्वरीने आधी आढेवेढे घेतले. तोंडी सांगायची सवय नाही, लिहिलेलं वेगळं असतं, वगैरे. मग घसा साफ केला.

“मैना वल्हवत होती. मागे बापाचा दिवा दिसत होता.”

“हूं.”

“सकाळ व्हायला आली तसा तो दिसेनासा झाला.”

“हूं…”

हा हूं वेगळा होता. पहिल्यात नुसतं ‘आलं ध्यानात’ होतं. यात बापाकडे एकदा वळून पाहणं होतं. मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

“मग समोर तिला दुसरा उजेड दिसला. सात वेळा लुकलुकला आणि थांबला. नकाशात तिथे दीपस्तंभ नव्हता.”

“हूं?”

“नव्हताच. तिने नकाशा दोनदा पाहिला.”

शर्वरी आता बुवांकडे सरकून बसली होती. तिचा आवाज मोकळा झाला. मैना त्या खडकाला लागली. होडी बांधली. शेवाळलेल्या पायऱ्या चढून गेली. बुवा प्रत्येक वाक्यामागे हूं म्हणत होते, कधी हळू, कधी घाईने, आणि एकदा तर वाक्य संपायच्या आधीच. पायऱ्या संपल्या. दार आलं. आतून कडी होती. मैनेने दार वाजवलं.

इथे तेरावं प्रकरण संपतं. मला पाठ आहे.

“हूं,” बुवा म्हणाले.

“आतून कुणीतरी जिना उतरत होतं,” शर्वरी म्हणाली.

हे तिने लिहिलेलं नव्हतं.

“हूं!”

“एक पाय ओढत. मैनेला ती चाल ओळखीची वाटली. तिची आई तशी चालायची. पण आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती.”

“हूं…”

“कडी निघाली. दार उघडलं. हातात कंदील होता, त्यामुळे चेहरा दिसेना. मैनेने डोळ्यांवर हात धरला आणि—”

बुवा वाकले. त्यांनी तुणतुणं उचललं आणि खुंटीकडे बघू लागले.

“आणि तिने…”

देवळाच्या शिखरावर पारवे घुमत होते. बुवांनी फुंकर मारून खुंटीवरची धूळ उडवली.

“तिने… म्हणजे, तो चेहरा…”

शर्वरी थांबली.

“पुढं?” बुवा म्हणाले.

“नाही सुचत.”

“आत्ता तर सुचत व्हतं.”

“तुम्ही हूं म्हणायचं थांबलात!”

ती हे रागाने बोलली. आणि बोलल्यावर तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

बुवा खुंटी पुसत राहिले.

“एक होती,” शर्वरी म्हणाली. “किंवा एक होता, कोण जाणे. ‘ओली वाळू’ असं नाव लावलेलं. फोटो नव्हता. माझ्या प्रत्येक प्रकरणाखाली एकच शब्द लिहायची… ‘मग?’”

“तेरा बारी?”

“बारा. तेराव्याच्या आधी मी साफसफाई केली. तेरावं कसंबसं ओढत नेलं. नुसतं ‘मग?’, बुवा! मला राग यायचा. चांगलं म्हणत नाही, वाईट म्हणत नाही, कुणाला पुढे पाठवत नाही. मला वाटलं मशीनच आहे. आणि खातं रिकामं होतं.”

“बगितलं व्हतंस?”

“काय?”

“रिकामं हाय म्हनून.”

शर्वरीने पिशवीतून फोन काढला. आधी ती बंदी उठवली. मग पहिल्यांदाच, म्हणजे बारा ‘मग?’ मिळाल्यानंतर पहिल्यांदाच, ती त्या माणसाच्या ब्लॉगवर गेली. मी मान लांब करून पाहत होतो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

रिकामा नव्हता. एक पोस्ट होती, वर्षापूर्वीची. शर्वरीने ती मोठ्याने वाचली.

“‘मैना गेली तरी तिचा बाप रोज दिवा लावतो. ती परत येईल म्हणून नाही. तिला कधी मागे वळून बघावंसं वाटलं, तर काहीतरी दिसावं म्हणून. पण एक दिवस काय होतं, की…’”

“की?” बुवांनी विचारलं.

“एवढंच आहे.”

“खाली कुनी काय लिवलंय?”

शर्वरीने अंगठ्याने पडदा वर सरकवला, खाली सरकवला. “कुणीच नाही.”

तिचे डोळे भरून आले होते. मी तिला लहानपणापासून ओळखतो, ती रडत नाही, भांडते. या खेपेला भांडायला कुणी नव्हतं. फोन दोन्ही हातांत धरून ती त्या अर्ध्या ओळीकडे बघत बसली. मग तिने त्या ओळीखाली एकच शब्द लिहिला. कोणता, ते मला वाचायची गरज पडली नाही.

आम्ही वाट पाहत बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फोन गप्प होता. ऊन ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर आलं.

“चार महिन्यांच्या वर झाले,” शर्वरी म्हणाली. “ती कधीच निघून गेली असेल.”

बुवांनी खुंटी पिळली. या वेळी तार बरोबर लागली.

“बुवा, मी जाहीर केलंय तीस तारखेचं. तीन दिवसांत ती आली नाही तर? तर पुसून टाकू का सगळं?”

“तीन दिस?” बुवा म्हणाले, जणू असं माप त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

मग ते देवीच्या गाभाऱ्याकडे बघत बोलू लागले. “आमचा कोंडिबा हितंच बसून कथा सांगत व्हता. राजा देवीला म्हनतो, आई, चूक झाली, येकदा मागं वळून बग. आन् देवी वळती. वळून म्हनती…”

“काय म्हणते?” शर्वरी म्हणाली.

“तेवढ्यावर कोंडिबा गेला. बसल्या जागी.”

“मग? काय म्हणाली देवी?”

“मला काय ठावं? मी हूं म्हननारा मानूस.”

“किती वर्षं झाली?”

“येकुनतीस.”

शर्वरी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर हळूहळू त्यांच्या उजवीकडे गेली, जिथे तिला बसू दिलं नव्हतं. तिथे मुंग्या नव्हत्या. फरशी पुसलेली होती आणि एक घोंगडी चौघडी करून ठेवलेली होती. गेली कित्येक वर्षं मी रोज या ओसरीवर येतो. ती घोंगडी मी कधी पाहिली नव्हती.

बुवांनी तुणतुणं मांडीवर घेतलं आणि तार छेडली. मग त्या घोंगडीकडे जरासे कलले, कान दिला, आणि म्हणाले,

“हूं.”